अचानक हातात पैसे आले तर पहिल्या दिवसापासून काय करायचं (बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्यांसाठी)

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या आईच्या खात्यावर 2,74,000 रुपये जमा झाले. बाबा उद्यमबागमध्ये फौंड्रीत कामाला होते, ते जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि त्यांच्या पहिल्या कंपनीतला पीएफ तसाच पडून आहे हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. पत्र्याच्या पेटीत एक पिवळी पडलेली स्लिप सापडली, त्यावरून भावानं अर्ज केला, कागद परत आले, परत दिले, परत आले, शेवटी आम्ही नाद सोडला होता. आणि एक दिवस दुपारी आई सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसलेली असताना मोबाईल वाजला. तिनं चष्मा लावला, आकड्यावर बोट ठेवून मोजलं आणि मला हाक मारली, "ये गं जरा, बघ, हे सत्तावीस हजार हायत की दोन लाख?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली कारण भाऊ आनंदाच्या भरात चहाच्या गाड्यावर बोलून आला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात लोक. कुणी म्हणतंय प्लॉट घ्या, कुणी म्हणतंय पोराला बुलेट घेऊन द्या, कुणी म्हणतंय आमच्या सोसायटीत ठेवा बारा टक्के मिळतील. यात वाईट माणूस कुणीच नव्हतं, पण प्रत्येकजण त्या पैशाला आपल्या मनातलं नाव देत होता आणि ज्या बाईचे ते पैसे तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून मला जे सांगायचंय ते एवढंच की दुसऱ्यांनी नाव द्यायच्या आत तुमच्या पैशाला तुम्ही नाव द्या, कागदावर. ते कसं करायचं ते आमच्या अनुभवावरून आणि मी गावातल्या बायकांच्या संघाचा हिशोब लिहिते त्यातून जे बघितलंय त्यावरून सांगते.

हे कुणासाठी? ज्यांची जमीन रस्त्यात किंवा रेल्वेत गेली आणि भरपाई आली, एलआयसी पिकली, पगाराचा मागचा फरक एकदम आला, उसाच्या बिलाचा न धरलेला हप्ता आला, माहेरचा वाटा मिळाला. आणि हो, गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकार घरच्या बाईच्या खात्यावर महिन्याला घालतं ते) अडकलेले तीन-चार हप्ते एका दिवशी जमा झाले तरी ते सहा-आठ हजार पण यातच धरा, रक्कम लहान असली तरी रीत तीच.

पायरी 1: पैसे खरंच आपलेच आहेत का ते बघा

हे हसण्यावारी नेऊ नका. मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही, बँकेचा वाटावा असा खोटा मेसेज कुणीही पाठवू शकतो. पासबुक घेऊन ब्रँचला जा, एंट्री मारून घ्या आणि पैसे कुठून आले ते त्या ओळीत काय लिहिलंय ते क्लार्कला विचारा. आपल्याकडं अजून एक अडचण म्हणजे सरकारी नोटीस, भरपाईची पत्रं, पंचायतीचे कागद सगळे कन्नडमध्ये. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, आईला तर सहीपुरतं मराठी. लाज न बाळगता कन्नड शाळेत जाणारं घरातलं किंवा शेजारचं पोर बसवा आणि एकेक ओळ वाचून घ्या, मी माझ्या भाच्याकडून वाचून घेते. समजल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही, मग समोरचा किती का घाई करेना.

जर पैसे चुकून आले असतील तर ते खर्च करायचे नाहीत. चुकून आलेले पैसे जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. पण एखाद्या अनोळखी माणसाचा फोन आला की "ताई तुमच्या खात्यावर चुकून दहा हजार गेले, या नंबरवर परत पाठवा" तर लगेच पाठवू पण नका, कारण बऱ्याचदा ते पैसे दुसऱ्या कुणाला तरी फसवून आलेले असतात आणि नंतर पोलीस तपासात तुमचंच खातं गोठतं. सरळ बँकेत जा, अर्ज लिहून द्या, परत पाठवायचं काम बँकेला करू दे, अर्जाची एक झेरॉक्स शिक्का मारून आपल्याकडं ठेवा.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे जायला नाहीतर शिल्लक बघायला लागतो. "बक्षीस लागलंय, पिन टाका" म्हटलं की फोन ठेवा. आणि "लॉटरी लागली" म्हणून कुणी सांगत असेल तर कर्नाटकात लॉटरी 2007 पासून बंद आहे, तिकीटच काढलं नाही तर बक्षीस कुठलं लागतंय. फसलाच तर 1930 या नंबरवर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता यायची शक्यता जास्त असते.

पायरी 2: पंधरा दिवस पैसे हलवायचे नाहीत

ही पायरी सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात अवघड हीच आहे. मी पंधरा दिवस म्हणते, रक्कम पाच-दहा लाखांच्या वर असेल तर दोन-तीन महिने. या काळात काही विकत घ्यायचं नाही, कुणाला शब्द द्यायचा नाही, ॲडव्हान्स द्यायचा नाही. घरात रोख आणून कपाटात ठेवायचे नाहीत.

मग करायचं काय? बँकेत लहान मुदतीची एफडी करा. सात दिवसांपासून पुढं कितीही दिवसांची एफडी होते हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आम्ही आईच्या नावानं 46 दिवसांची केली. व्याज त्यातून फार मिळत नाही, पण त्याचा खरा उपयोग वेगळाच झाला. कुणी मागायला आलं की आई खरंच सांगू शकायची, "बाळा, पैसे एफडीत घातलेत, मुदत व्हायची हाय." खोटं बोलावं लागलं नाही, कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागलं नाही, आणि तोपर्यंत आलेल्यांपैकी निम्मे लोक परत आलेच नाहीत.

आणि गप्प बसा. आकडा घराबाहेर सांगू नका. आमच्याकडून ही चूक झाली, तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते.

पायरी 3: यात अजून कुणाचा वाटा आहे का

जमिनीची भरपाई किंवा वारसाचे पैसे असतील तर ही पायरी उडी मारून जाऊ नका. आपल्याकडं रीत अशी पडलीय की बहिणींना बोलवून साडी-चोळी करायची आणि हक्कसोडवर सही घ्यायची. कायदा तसा नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाएवढाच हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकानं 1994 मध्येच केली होती, सगळ्या देशाला ती 2005 मध्ये लागू झाली. बहीण मनापासून सोडत असेल तर तो तिचा प्रश्न, पण तिला आकडा न सांगता सही घेणं हा अन्याय आहे आणि पुढं कोर्टात गेलं तर सगळीच भरपाई अडकते. आमच्या शेजारच्या गावात एका घराचे पैसे असेच अडकून पडलेत, भाऊ-बहीण एकमेकांच्या दारात जात नाहीत, मुलांच्या लग्नात पण गेले नाहीत.

नॉमिनीचंही नीट समजून घ्या. बँकेच्या ठेवीत ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे तो पैसे ताब्यात घेणारा, एकटा मालक नव्हे, बाकीच्या वारसांचा हक्क तसाच राहतो.

पायरी 4: टॅक्स (हे पटकन सांगते)

वारसानं आलेल्या पैशावर टॅक्स नाही. आई-बाप, सख्खे भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी यांनी प्रेमानं दिलेल्या पैशावर नाही. लग्नात आलेल्या आहेरावर नवरा-नवरीला नाही. पण मित्रानं किंवा चुलतभावानं दिले आणि वर्षात असे सगळे मिळून 50,000 च्या वर गेले तर सगळ्या रकमेवर टॅक्स बसतो, चुलतभाऊ कायद्याच्या यादीत 'नातेवाईक' धरत नाहीत. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्याखाली मिळालेल्या भरपाईवर आयकर नाही, पण उशिरापोटी जे व्याज मिळतं त्याचा हिशोब वेगळा, तेवढ्यासाठी सीएला हजार-पाचशे द्या आणि कागद दाखवा. एका माणसाकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोखीत घ्यायला बंदी आहे, जमीन विकणाऱ्यांना तर 20,000 किंवा त्याहून जास्त रोखीत घेता येत नाहीत, चेकनं किंवा खात्यावरच घ्या.

पायरी 5: आधी महागडं कर्ज

इथं जरा थांबते कारण मला वाटतं निम्म्या लोकांचं भलं याच पायरीत आहे.

आपल्याकडं व्याज 'शेकडा' बोलतात. "तीन रुपयानं घेतलेत" म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. ऐकायला किती कमी वाटतं. पण 1 लाखाला महिन्याला 3,000, वर्षाला 36,000, म्हणजे 36 टक्के. आणि त्याच माणसाकडं अचानक लाख रुपये आले की तो ते बँकेत सात टक्क्यांनी एफडीत ठेवतो आणि खूश होतो की वर्षाला 7,000 मिळणार. एका खिशात 7,000 येतायत, दुसऱ्या खिशातून 36,000 चाललेत. वर्षाला 29,000 चं नुकसान, आणि हे मी एक नाही, आमच्या संघातल्या पाच-सहा घरांत बघितलंय. त्यांना सावकाराचे पैसे फेडायचे नव्हते असं नाही, "ठेव मोडायची नसते" हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

म्हणून एक कागद घ्या आणि घरातलं प्रत्येक कर्ज लिहा: कुणाचं, किती राहिलंय, व्याज किती. सगळ्यांना बसवून लिहा, कारण नवऱ्याचं कर्ज बायकोला माहीत नसतं आणि बायकोच्या संघाचं लोन नवऱ्याला. मग सगळ्यात जास्त व्याजाचं आधी. साधारण क्रम असा पडतो, आधी सावकाराचं किंवा खाजगी फायनान्सचं, मग क्रेडिट कार्ड असेल तर ते (याचं व्याज सावकाराएवढंच असतं, कार्ड दिसायला चकचकीत म्हणून फसू नका), मग संघाची आठवड्याची-महिन्याची लोनं, मग सोनेतारण, मग गाडीचं, सगळ्यात शेवटी घराचं.

पत्तीन सोसायटीचं (शेतकऱ्यांना कर्ज देणारी गावातली सहकारी सोसायटी) पीक कर्ज मात्र घाईनं आधी फेडू नका. ते वेळेत फेडलं तर बिनव्याजी असतं, मग मुदतीच्या आत भरलं की झालं, तोपर्यंत ते पैसे महाग कर्जाला लावा. फक्त तारीख चुकवायची नाही, तारीख गेली की व्याज लागतं.

कर्ज मिटवताना पैसे देऊन नुसतं परत येऊ नका. कर्ज संपल्याचा दाखला लेखी घ्या. सही केलेले कोरे चेक दिले असतील ते मोजून परत घ्या. बॉण्ड लिहून दिला असेल तर तो परत घ्या आणि समोरच फाडा. जमिनीवर बोजा चढवला असेल तर तो उताऱ्यावरून कमी झालाय का ते महिन्याभरानं नवा उतारा काढून बघा, कमी झाला नसेल तर परत जा. सोनेतारण सोडवताना पावतीवर लिहिलेलं वजन आणि समोर आलेल्या दागिन्याचं वजन तिथंच काट्यावर बघा.

आईचं गंठण चार वर्षं तारण होतं, बाबांच्या दवाखान्याचं जुनं देणं फेडायला ठेवलेलं, दरवर्षी आम्ही नुसतं व्याज भरून नवं-जुनं करत होतो. 62,500 भरून ते सोडवलं. काउंटरवरच्या मुलीनं प्लास्टिकची पिशवी फोडून गंठण काट्यावर ठेवलं, वजन बरोबर होतं, आईनं ते हातात घेतलं आणि तिथंच, लोक बघत असताना, पदराआड गळ्यात घातलं. नंतर रिक्षात बसल्यावर पण ती सारखा हात लावून बघत होती.

दुसरे पैसे मामांचे. 30,000, दवाखान्याच्या वेळचे हातउसने. मामांनी कधी मागितले नव्हते आणि मागितलेही नसते. माझं म्हणणं असं की व्याज नसलेलं पण माणुसकीचं देणं लवकर द्यावं, ज्यानं अडीनडीला दिले त्याच्याकडं परत कधी जावं लागलं तर दार उघडं राहतं. मामा नको नको म्हणाले, मामी आत गेली आणि चहा टाकला, शेवटी घेतले.

पायरी 6: अडीनडीची रक्कम

तीन महिन्यांचा घरखर्च, जमलं तर सहा, वेगळ्या एफडीत किंवा वेगळ्या खात्यात. आम्ही 50,000 ठेवले. हे पैसे गाडीला नाहीत, जत्रेला नाहीत, फक्त दवाखाना आणि काम सुटलं तर. एवढंच.

पायरी 7: मागायला येणाऱ्यांना काय सांगायचं

"वैनी, पोरीच्या ॲडमिशनला पन्नास हजार कमी पडायलेत, दोन महिन्यात देतो." हे वाक्य येणार. तुम्हाला वाईट वाटणार, कारण तो माणूस तुमच्या अडचणीत कधीतरी धावून आलेला असतो.

मी एकच नियम पाळते: परत आले नाहीत तरी संबंध तुटणार नाहीत एवढेच द्यायचे. पन्नास मागितले तर पाच द्या आणि मनातल्या मनात ते देऊन टाकलेत समजा. फी असेल तर माणसाच्या हातात न देता कॉलेजच्या खात्यावर भरा, पावती त्यांना द्या. जामीन राहायला सांगितलं तर नाही म्हणा, जामीन म्हणजे ते कर्ज तुमचंच आहे असं धरून चाला. आणि नाही म्हणताना कारणं वाढवत बसू नका, जितकी कारणं तितके वाद. "भाऊ, आईच्या नावावरचे पैसे हायत, मला हात लावायचा अधिकार नाही" एवढं बास.

ताईला मात्र आईनं स्वतःहून 20,000 दिले. ताई निपाणीला दिलीय, तंबाखूच्या वखारीत कामाला जाते, तिनं काही मागितलं नव्हतं. आई म्हणाली, "तिच्या पण बापाचे हायत की." यावर आम्ही कुणी काही बोललो नाही.

पायरी 8: उरलेले कुठं ठेवायचे

इथं आमचं नुकसान झालं म्हणून नीट सांगते.

आपल्या भागात गल्लीगल्लीत सोसायट्या आहेत. पिग्मी गोळा करणारा रोज दारात येतो, घरातल्यासारखा असतो, चेअरमन लग्नाकार्यात भेटतात. यातल्या कित्येक सोसायट्या चांगल्या चालतात, त्यांच्यामुळंच गरिबाला कर्ज मिळतं, हे मी मान्य करते. पण नाव वाचायला शिका. 'को-ऑपरेटिव्ह बँक' वेगळी, 'क्रेडिट सोसायटी', 'मल्टीपर्पज', 'सौहार्द सहकारी' वेगळं. रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्या बँकेत, सहकारी बँक धरून, एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या ब्रँच मिळून व्याजासकट 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा कंपनीचा) विमा असतो. ही मर्यादा 2020 मध्ये 1 लाखावरून 5 लाख केली. सोसायट्यांच्या ठेवींना हा विमा नाही. सोसायटी बंद पडली की तुम्ही आणि तुमची पावती.

आम्ही 50,000 एका सोसायटीत ठेवले, दीड-दोन टक्के जास्त देतायत म्हणून आणि एजंट ओळखीचा म्हणून. आठ महिन्यांनी मुदत झाली तर काउंटरवर "पुढच्या सोमवारी या". सोमवारी गेलो तर पुढचा सोमवार. आता कुठं 5,000 चे चार हप्ते मिळालेत, बाकीचे केव्हा ते कुणी सांगत नाही. त्या एजंटचे स्वतःचे पैसे पण त्यातच आहेत, तो आता आमच्या दारावरून मान खाली घालून जातो, त्याच्यावर राग काढून काय उपयोग. जास्त व्याज हे कुणी फुकट देत नाही, बुडायच्या भीतीचं ते भाडं असतं, हे मला 30,000 अडकल्यावर कळलं.

म्हणून पहिल्यांदा पैसे ठेवणाऱ्यांनी साधं ठेवा. बँकेत एफडी, रक्कम 5 लाखांच्या वर असेल तर दोन बँकांत विभागून. घरात दर महिन्याला पैसे लागत असतील, म्हणजे विधवा बाई असेल, शेती गेलेलं घर असेल, तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना बघा, एका नावावर 9 लाख आणि जोड नावावर 15 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर महिन्याला खात्यावर पडतं. साठीच्या पुढच्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना, 30 लाखांपर्यंत, त्याचं व्याज तीन महिन्याला मिळतं. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, जायच्या आधी पोस्टात विचारून घ्या. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या, वर्षाला दीड लाखापर्यंत. नॉमिनीचं नाव प्रत्येक ठिकाणी घालायचंच, आणि सगळ्या पावत्यांची यादी करून घरात दोघांना तरी माहीत असू दे. बाबांनी हे केलं असतं तर त्यांचा पीएफ अकरा वर्षं पडून राहिला नसता.

(तुमच्या घरात पण असं काही पडून असू शकतं. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या फंडात पाठवते, पण ते बुडत नाहीत, वारस मागू शकतात. 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलंय, त्यावर माणसाच्या नावानं बऱ्याच बँकांत एकदम शोधता येतं. जुनी पेटी, गादीखालचे कागद, देवघरातला डबा सगळं बघा.)

पायरी 9: खर्च

जमीन-प्लॉट. बेळगावच्या आसपास एक-दोन गुंठ्याचे प्लॉट 'बॉण्डवर' विकले जातात, म्हणजे रजिस्ट्री नाही, नुसता स्टॅम्प पेपर. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, नाव चढत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि तोच प्लॉट दुसऱ्या कुणाला विकलेला असू शकतो. जागा बिगरशेती झालीय का, पंचायतीचा नऊ-अकराचा (फॉर्म 9 आणि 11 चा) उतारा आहे का, ईसीमध्ये (जागेवरचे बोजे दाखवणाऱ्या दाखल्यात) बोजा दिसतोय का, हे तीन कागद वकिलाला दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स नाही.

सोनं. आपल्याकडं पैसे आले की पाय आपोआप सराफाकडं वळतात. घालायला हवं म्हणून घ्या, हौस असते, काही चुकीचं नाही, पण दागिन्याला गुंतवणूक समजू नका. 1 लाखाचं सोनं, घडणावळ 12 टक्के धरली तर 1,12,000, त्यावर 3 टक्के जीएसटी म्हणजे 1,15,360 रुपये जातात, आणि दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर घडणावळ आणि जीएसटी कुणी देत नाही. हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर दागिन्यावर बघून घ्या, पक्कं बिल घ्या.

जत्रा. काही गावांत लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी येते, घराला रंग, पै-पाहुणे, बकरी, मांडव, कुणी मागं राहायला तयार नसतं. ज्या वर्षी यात्रा त्याच वर्षी भरपाई आली तर ती रक्कम यात्रेतच जाते असं मी बघितलंय. यात्रा करा, देवीचं आहे, पण आकडा आधी कागदावर लिहा आणि घरच्या सगळ्यांसमोर वाचा. आपल्याच जिल्ह्यातल्या एका आजींनी 2024 मध्ये गृहलक्ष्मीचे साठवलेले पैसे काढून गावाला होळगीचं (पुरणपोळीचं) जेवण घातलं, तो त्यांचा स्वतःचा ठरवलेला आनंद होता, कुणाच्या दडपणाखाली केलेला खर्च नव्हता.

घराची दुरुस्ती मला सगळ्यात वरची वाटते. खानापूरकडचा पाऊस माहीत आहे ना, आमच्या घरात जून ते सप्टेंबर चार ठिकाणी भांडी ठेवावी लागायची. 55,000 मध्ये कुजलेले वासे बदलले, फुटकी कौलं काढून दुसरी घातली. मे महिन्यात करून घ्या, पाऊस सुरू झाला की गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर दर वाढवतो. मजुरी कामाप्रमाणं हप्त्यानं द्या, एकदम सगळी देऊ नका.

आता तो कागद. आम्ही कॅलेंडरचं एप्रिलचं पान उलटं करून त्याच्या पाठीवर लिहिलं होतं: गंठण 62,500, मामा 30,000, अडीनडी 50,000, सोसायटी 50,000, कौलं 55,000, ताई 20,000. बेरीज केली तर 6,500 उरत होते. भाऊ म्हणाला मिक्सर घेऊया, मी म्हटलं अडीनडीत घालूया, आणि मग लक्षात आलं की आम्ही पण तेच करतोय जे गल्लीतले लोक करत होते. त्या ओळीपुढं आम्ही 'आई' लिहिलं आणि विषय सोडला. तुम्ही पण ज्याच्या नावानं पैसे आलेत त्याच्यासाठी शंभरातले दोन-तीन रुपये तरी असे बिनहिशोबी ठेवा.

आईनं दोन महिने त्याला हात लावला नाही. श्रावण लागायच्या आधी एका सकाळी म्हणाली, चल बेळगावला. खडेबाजारात एका दुकानात बसून तिनं इरकल साड्या काढायला लावल्या, तासभर, एकेक पदर उलगडून उजेडात धरून बघत होती. दुकानदारानं चहा मागवला. मी दोनदा बोलायला गेले की ही छान आहे, तिनं हात वर करून मला गप्प केलं, आणि शेवटी काठ बोटानं चोळून बघून कुंकवाच्या रंगाची एक बाजूला काढली. येताना अर्धा किलो कुंदा घेतला, मामांच्या घरी द्यायला.